रिपोर्ट हातात देण्याआधी तिच्याशी बोला

कारेगावच्या ग्रामस्थांनो, आणि एमआयडीसीतल्या कामासाठी इथं खोली घेऊन राहणाऱ्या बहिणींनो, भावांनो,

हे आवाहन एका कागदाबद्दल आहे. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली की काही दिवसांनी रिपोर्ट येतो आणि काही जणींच्या रिपोर्टवर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असं छापलेलं असतं. तो कागद हातात पडला की बाई एकटी पडते. कर्करोग झालाय की नाही, हे तिला त्यावरून कळत नाही. हे दुखणं संबंधांतून येतं, एवढं मात्र कुणीतरी कानावर घालतंच. मग घरी काय सांगायचं, नवऱ्याजवळ जायचं की नाही, त्यालाही लागलं असेल का, त्याच्याकडूनच आलं असेल का, लेकराला कुशीत घेतलं तर चालेल का, असे सगळे प्रश्न घेऊन ती घराची पायरी चढते. त्यातला एकही प्रश्न ती मोठ्यानं विचारू शकत नाही.

माझी मागणी एकच आहे. असा रिपोर्ट कुणाही बाईला नुसता हातात देऊ नका. देताना तिला खुर्चीवर बसवा, दार लोटून घ्या, तिच्या भाषेत बोला. तिच्या पिशवीइतकीच तिच्या मनाची आणि तिच्या नवरा-बायकोच्या नात्याचीही चौकशी करा.

घाई का, ते सांगतो. आपल्या देशात २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या वेळी ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती. २०२२ या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण भारतात सापडले आणि सुमारे ८० हजार बायका त्यानं गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे तपासणी वाढलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात तिशीच्या पुढच्या बायकांसाठी सौम्य अॅसिटिक आम्ल लावून पिशवीचं तोंड बघण्याची सोय आहे. खासगी लॅब एचपीव्हीची चाचणी करतात. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाही पहिली पसंती एचपीव्ही चाचणीलाच देते. येत्या काही वर्षांत आपल्या भागातल्या हजारो बायका आयुष्यात पहिल्यांदा ही तपासणी करतील. त्यांच्यातल्या कितीजणींना ‘पॉझिटिव्ह’ ऐकावं लागेल, याचा अंदाज बांधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून जगात गाजलेला एक अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि फ्रान्सच्या लिऑनमधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले होते. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पेशी बघणारी पॅप तपासणी, काहींत अॅसिटिक आम्लाची, आणि काही गटांत कोणतीच नाही. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष छापले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. बळावलेल्या अवस्थेत सापडलेले कर्करोग पहिल्या गटात ३९ होते, दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मरण जवळपास अर्ध्यावर आणलं. जगभरातले तपासणीचे नियम बदलण्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा मोठा वाटा आहे. त्यांतल्या ३१ हजारांहून जास्त जणींना तपासणी मिळालीच नव्हती आणि त्यावर पुढे कडक टीका झाली, हेही विसरता येत नाही. या ज्ञानाची किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

त्या अभ्यासातला एक आकडा फारसा कुणी सांगत नाही. ज्या २७ हजार १९२ जणींची एचपीव्ही चाचणी झाली, त्यांतल्या २ हजार ८१२ जणींची पॉझिटिव्ह आली. म्हणजे दहांत एक. या बहुतेकींना कर्करोग नव्हता, पुढंही झाला नाही. पण त्या दिवशी त्या घरी गेल्या असतील, तेव्हा काय झालं असेल? कुणी रात्रभर जागलं असेल, कुणाला माहेरी धाडलं असेल, कुणी कुणालाच काही सांगितलं नसेल. तो त्या अभ्यासाचा विषय नव्हता, त्यामुळे त्याची नोंद त्यात नाही. कारेगाव परिसरात उद्या एक हजार बायकांची चाचणी झाली, तर याच हिशेबानं शंभरेक घरांत हा कागद जाईल. त्या शंभर घरांची तयारी आजपासून करायची आहे.

आता त्या कागदाचा अर्थ. एचपीव्ही हा एक विषाणू आहे आणि त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायावर साधी चामखीळ येते, तीही यातल्याच काही प्रकारांमुळे. गुप्तांगाच्या त्वचेवर राहणारे सुमारे चाळीस, आणि त्यांतले डझनभर कर्करोगाकडे नेऊ शकणारे. १६ आणि १८ नंबरचे दोन सर्वांत घातक. जगातल्या गर्भाशयमुखाच्या दहा कर्करोगांपैकी सातांमागे हे दोनच असतात. जर्मनीच्या हेराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये १६ नंबरचा विषाणू शोधला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इतका हा शोध अलीकडचा आहे. आपल्या आयांना आणि आज्यांना याचं नावही माहीत असण्याची शक्यता नव्हती.

शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतोच. ताप येत नाही, दुखत नाही, काही दिसत नाही. दहांतल्या नऊ जणांच्या शरीरात तो दोन वर्षांच्या आत आपोआप दबून जातो. उरलेल्या थोड्यांमध्ये तो टिकतो. टिकला तरी पेशी बदलत बदलत कर्करोगापर्यंत जायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाईत ५ ते १०. मधल्या एवढ्या वर्षांत कधीही बदललेल्या पेशी शोधून, तेवढी जागा गोठवून, भाजून किंवा तारेच्या लूपनं काढून टाकता येते. पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच की पिशवीचं तोंड नीट बघायला हवं आणि पुढची तारीख चुकवायची नाही. भीती वाटणं साहजिक आहे. पण त्या भीतीत पुढची तपासणी राहून जाते. ज्या गोष्टीनं जीव वाचायचा, तीच लाजेपायी सुटते. म्हणून मनाची काळजी घेणं हा वरचा शिष्टाचार म्हणून सोडून देता येत नाही, उपचार इथूनच सुरू होतो.

सगळ्यांत मोठा घाव संशयाचा असतो. ‘कुणाकडून आला?’ हा प्रश्न नवऱ्याच्या तोंडून येतो, सासूच्या डोळ्यांतून येतो, आणि पुष्कळदा बाईच्या स्वतःच्या मनातून नवऱ्याबद्दल येतो. आपल्या भागात हा प्रश्न जास्तच धारदार होतो. इथं निम्मं गाव बाहेरून आलेलं. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेश. नवरा इथं, बायको गावी. किंवा बायको इथं लाइनवर आणि नवरा दुसऱ्या शहरात. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. एकमेकांपासून दूर राहिलेल्या माणसांमध्ये संशयाला जागा सापडायला वेळ लागत नाही.

म्हणून हे प्रत्येक घरात पोचवा: विषाणू कुणाकडून आला आणि कधी आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि कधी तरी चाचणीत दिसतो. लग्नाआधीचा असू शकतो, लग्नातला असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. आयुष्यात एकाच माणसाशी संबंध आलेल्या बाईलाही तो असू शकतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि त्यात तिच्या वागण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी चाचणीच नाही. त्यामुळे ‘मी तपासून येतो, मग बघू कोण खरं’ हा मार्गही बंद आहे. जो वाद कधीच सुटणार नाही, तो घरात सुरूच करू नका.

दुसरा घाव गैरसमजाचा. एचपीव्ही आणि एचआयव्ही ही नावं कानाला सारखी वाटतात आणि चावडीवर पोचेपर्यंत एकाची दुसरी होतात. हे दोन अगदी वेगळे विषाणू आहेत. मात्र हे सांगताना एचआयव्हीसह जगणाऱ्या बहिणींना कमी लेखल्यासारखं बोलू नका. त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, आणि त्यांनी तर ही तपासणी २५ व्या वर्षापासूनच करायची असते. शिवाय करोनापासून ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की वेगळी खोली, वेगळं ताट असं आपल्या अंगवळणी पडलंय. एचपीव्हीमध्ये यातलं काहीच लागत नाही. तिच्या हातची भाकरी खा. तिचं लेकरू तिच्या कुशीत झोपू द्या. अंगावर पाजत असेल तर पाजू द्या. भांडी, चूल, संडास, चाळीतला सामाईक नळ, यांतून हे पसरत नाही. हा विषाणू आहे म्हणून मूल होणार नाही, असंही नाही.

आणि आता ती गोष्ट, जी दवाखान्यात कुणी विचारत नाही आणि घरात कुणी बोलत नाही.

असा रिपोर्ट आल्यावर अनेक बायकांची नवऱ्याजवळ जायची इच्छाच जाते. आपलं शरीर घाण झालं, असं वाटत राहतं. त्याला आपल्यामुळे काही होईल, ही धास्ती असते. धास्तीनं अंग आखडतं, ओलावा येत नाही, दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी दुखणार म्हणून आणखी आखडतं. नवऱ्याला वाटतं, ही टाळते आहे, हिच्या मनात दुसरं कुणी आहे. तिला वाटतं, मी नाही म्हणाले तर हा दुसरीकडे जाईल. म्हणून ती दात आवळून सोसते. दहा बाय दहाच्या खोलीत, पडद्यापलीकडे सासू आणि मुलं झोपलेली असताना, हे सगळं अंधारात आणि एक शब्द न बोलता चालतं. मी याला लहान गोष्ट मानायला तयार नाही. कर्करोगाच्या आकड्यांत हे कधीच मोजलं जात नाही, पण बाईच्या आयुष्यातली वर्षं यात जातात.

डॉक्टर दार लोटून दहा मिनिटांत जे सांगू शकतात, ते हे आहे. निव्वळ हा विषाणू आहे म्हणून संबंध बंद करायची गरज नाही. एकत्र राहणाऱ्या जोडप्यात तो बहुधा दोघांकडेही येऊन गेलेला असतो. तपासणीसाठी तुकडा काढला असेल तर थोडे दिवस थांबायचं. पिशवीच्या तोंडावर उपचार झाले असतील तर साधारण महिनाभर, डॉक्टर सांगतील तसं. निरोधनं धोका कमी होतो, पण हा विषाणू कातडीच्या स्पर्शानं जातो म्हणून पूर्ण टळत नाही. दुखत असेल तर सोसायचं नाही. मेडिकलमध्ये पाण्याच्या आधाराची जेल मिळते, तिनं पुष्कळ फरक पडतो. निरोध वापरत असाल तर खोबरेल लावू नका, त्यानं रबर फाटतं. इच्छा परत यायला वेळ लागला तरी ती कायमची गेली असं समजू नका. आणि जवळ येणं म्हणजे प्रत्येक वेळी संबंधच असतो असंही नाही. नुसतं शेजारी पडून हात हातात घेतला, तरी पुष्कळ बायकांची झोप परत येते.

ज्या बाईला काही काळ नकोच असेल, तिला नको म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी तिला कारण द्यावं लागू नये. आणि जिला हवं आहे, तिला या वयात, या आजारात हे काय सुचतं, असं कुणी हिणवू नये. पंचेचाळिशीच्या बाईलाही सुख हवं असतं, विधवेलाही हवं असतं, नवऱ्यानं सोडलेलीलाही हवं असतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. बाईच्या शरीरसुखाबद्दल, गुप्तरोगांबद्दल मराठीत उघड लिहिलं म्हणून कोर्टाचे खटले सोसले. त्या मासिकाला आता शंभर वर्षं होत आली. तरी आपल्या दवाखान्यांत हा विषय निघाला की नर्सबाई खाली बघते.

ज्यांना खरोखरच कर्करोग झाला आणि किरणांचे उपचार घ्यावे लागले, त्यांचं दुखणं आणखी वेगळं. योनिमार्ग कोरडा पडतो, आकसतो, संबंध फार दुखतात, तपासणीसुद्धा दुखते. यावर उपाय आहेत. मार्ग मोकळा ठेवण्यासाठी वापरायचं साधन असतं, ते कसं वापरायचं हे शिकवता येतं, औषधी मलम असतं. रुग्णालयातून घरी जाताना कुणी सांगितलं नसेल तर पुढच्या फेरीत स्पष्ट विचारा. तिला विचारायला जमत नसेल, तर सोबत गेलेल्या बहिणीनं विचारावं.

लाज कमी कशानं होते, याचा काही अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये जो वॉलर या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिनींना विचारून २००७ मध्ये एक निष्कर्ष छापला. हा विषाणू संबंधांतून येतो, एवढंच ज्यांना माहीत होतं त्यांना जास्त लाज वाटत होती. तो किती सर्रास आढळतो हेही ज्यांना माहीत होतं, त्यांना कमी. मला यात आपल्या आशाताईंसाठी आणि डॉक्टरांसाठी सरळ सूचना दिसते. पहिलं वाक्य ‘हा संबंधांतून येतो’ हे असू नये. पहिलं वाक्य असावं, ‘ताई, हा बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो.’ दुसरं, ‘हा कर्करोग नाही.’ तिसरं, ‘पुढं काय करायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.’ बाकीचं सगळं त्यानंतर. तिची मान वर आल्याशिवाय पुढचं काही तिच्या डोक्यात शिरत नाही.

एका धोक्याबद्दल फार कळकळीनं सांगायचं आहे. ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलं असेल! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, अशा तक्रारीला कर्करोगाची भीती जोडली की बाई कर्ज काढूनही टेबलावर जायला तयार होते. दर हंगामात याच टोळ्या आपल्या शिरूर-दौंडच्या उसात कोयता घेऊन येतात. त्या बायका आपल्याच बांधावर कोप्या करून राहतात.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे, एवढ्यावरून पिशवी काढायचं काहीही कारण नसतं. पिशवी काढल्यानं विषाणू शरीरातून जातो, असंही नाही. सोबत अंडाशयही काढले तर ऐन तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, योनी कोरडी पडते, इच्छा मावळते. म्हणजे ज्या सुखाची आपण इथं काळजी करतोय, तेच कायमचं हिरावलं जातं. कुणी असा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. विषाणूच घालवतो म्हणून कुणी पावडर किंवा गोळ्या विकत असेल तर पैसे घालवू नका. विषाणूवर थेट चालणारं मान्य औषध आजच्या घडीला नाही. उपचार आहे तो बदललेल्या पेशींवर, आणि तो चांगला आहे.

सोसणं हा आपल्या बायकांचा गुण मानला जातो. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या गोष्टीला बराच काळ लोटला, रस्ते झाले, कंपन्या आल्या. पण बाई सोसते आणि आपण ते बघून न बघितल्यासारखं करतो, यात किती फरक पडला, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

नवरे मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा. एक पाळी बुडेल, बुडू द्या. आत बोलावलं तर आत बसा आणि डॉक्टरांचं ऐका. घरी आल्यावर पहिल्यांदा ‘घाबरू नको’ म्हणा आणि ‘कुणाकडून आला?’ हा सवाल गिळून टाका. हा विषाणू पुरुषांनाही घशाचा, लिंगाचा, गुदद्वाराचा कर्करोग करू शकतो. त्यामुळे ही एकट्या बाईची भानगड नाही. सासूबाईंना, नणंदांना सांगणं आहे की घरात तिचा शब्द राखण्याची ताकद तुमच्याकडे आहे. तुम्ही एकदा म्हणालात, ‘आमच्या सुनेला काही झालेलं नाही, तपासणी चालू आहे,’ की आळीतली तोंडं बंद होतात. आणि कुणी या कागदावरून बाईला घराबाहेर काढत असेल, मारत असेल, तर तो कौटुंबिक हिंसाचार आहे. २००५ च्या कायद्यानं तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. तिला करता येत नसेल तर शेजारणीनं करावा.

आशाताई, नर्सताई, डॉक्टर, तुमच्यावर कामाचा किती भार आहे ते आम्ही बघतो. तरी मागतो. शिबिरात नाव पुकारून रिपोर्ट वाटू नका. पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बिनलग्नाची मुलगी समोर आली तर आवाज बदलू नका. खोल्यांमधून राहणाऱ्या, कंत्राटावर काम करणाऱ्या कितीतरी तरुण मुली इथं एकट्या आहेत, त्यांना जाब विचारणारे पुष्कळ आहेत आणि धीर देणारं कुणी नाही. हिंदी, भोजपुरी बोलणाऱ्या बायकांसाठी त्यांच्यातलीच एखादी जाणती बाई सोबत घ्या, मात्र तिच्याकडून गुप्ततेचा शब्द घेऊन. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी आणि फेरतपासणीसाठी भरपगारी रजा द्यावी. रिपोर्टमध्ये काय आलं, हे त्यांनी विचारायचं नाही. ईएसआय कार्ड असलेल्या कामगाराच्या बायकोलाही त्या कार्डावर उपचार मिळतात, हे कितीतरी घरांना माहीत नाही. ते सूचनाफलकावर मराठीत आणि हिंदीत लावा.

लेकींसाठी लस आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये आली. ९ ते १४ या वयात घेतली तर सर्वांत चांगली लागू पडते. एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं हे ज्या भारतीय अभ्यासातून दिसलं, त्यात बार्शी आणि पुण्याच्या मुलीही होत्या. ही लस आधीच लागलेला विषाणू घालवत नाही, त्यामुळे आईनं तपासणी करायची आणि मुलीनं लस घ्यायची, दोन्ही लागतं.

येत्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होईल. कायद्यानं ती घ्यावीच लागते. त्या सभेत कारेगावच्या बायकांनी हा ठराव मांडावा: आपल्या हद्दीत जो कुणी एचपीव्हीची तपासणी करेल, सरकारी असो, कंपनीचा असो की खासगी, त्यानं प्रत्येक पॉझिटिव्ह बाईला एकांतात भेटून, समजेल अशा भाषेत सगळं सांगून, पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून देऊनच रिपोर्ट द्यावा, आणि बाईची इच्छा असेल तर नवऱ्याला सोबत बसवावं. ठराव लिहून घ्या, त्याची प्रत आरोग्य केंद्राला आणि कंपन्यांना पाठवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अर्धा तास या विषयासाठी ठेवा, डॉक्टरताईंना बोलवा. त्या दिवशी विधवा आणि परित्यक्ता बहिणींनाही सन्मानानं बोलवा. नवरा नाही म्हणून पिशवीचं तोंड तपासायची गरज संपत नाही.

ज्या बहिणीच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली असा कागद आत्ता पडलेला आहे, तिच्यासाठी शेवटचं. तो बाहेर काढा. त्यावरची तारीख बघा. त्यानंतर पिशवीचं तोंड कुणी बघितलं नसेल, तर या आठवड्यात उपकेंद्रातल्या ताईंना गाठा. त्या शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुण्याला ससूनला कसं जायचं ते सांगतील. सगळं ठीक निघालं तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा कधी यायचं, हे विचारून लिहून घ्या. रात्री जीव घाबरला, झोप लागेना, जगणं नको वाटलं, तर १४४१६ या नंबरवर फोन लावा. टेली मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी बाईला आजच सांगा, म्हणजे दवाखान्यात जाताना सोबत कुणीतरी असेल.